व्याजाच्या पैशाचा संडास

पनवेलच्या जुन्या बाजारात माझं दुकान आहे. फरशा, टाइल्स, नळाच्या तोट्या, फ्लशच्या टाक्या आणि संडासाची भांडी. वडिलांनी आखातात उमेदीची सगळी वर्षं घालवून हे दुकान उभं केलं आणि माझ्या हाती दिलं. माझ्या लग्नाच्या वेळी मध्यस्थाने मुलीकडे 'सॅनिटरीचा बिझनेस' असा शब्द वापरला होता. सासऱ्यांचा समज झाला की जावयाचं औषधाचं दुकान आहे. लग्नानंतर ते पहिल्यांदा दुकानात आले तेव्हा ओळीने मांडलेली भांडी बघत बराच वेळ उभेच राहिले, कारण बसायला दुसरं काही दिसेना. मग मी घरातून खुर्ची मागवली.

या दुकानामुळे मला मोहल्ल्यात एक मान मिळाला, जो मी मागितला नव्हता. लोकांचा व्याजाचा पैसा माझ्याकडे येऊ लागला.

आमच्या कोकणी मुसलमानांत व्याज हराम. हे सगळ्यांना मान्य आहे आणि सगळ्यांची बँकेत खातीही आहेत. दुबईहून मुलगा पैसे पाठवतो ते बँकेतच येतात, बँक आपल्या सवयीप्रमाणे त्यावर व्याज टाकते आणि घरात ते कोणी खात नाही. आमच्या शेजारचे एक वयस्कर गृहस्थ तर बँकेत जाऊन साहेबाला म्हणाले होते की मला व्याज देऊ नका. साहेबाने चार टेबलांवरच्या माणसांना बोलावून हे गृहस्थ दाखवले. मग सांगितलं की काका, कॉम्प्युटरमध्ये तशी सोयच नाही. काका उन्हातून परत आले आणि माझ्या दुकानात पाणी पीत म्हणाले, या मशीनला ईमान नाही.

तर या पैशाचं करायचं काय? मौलाना दर रमजानला समजावून सांगतात की तो स्वतःसाठी वापरू नका, सवाबची म्हणजे पुण्याची आशा न धरता गोरगरिबांना किंवा लोकांच्या सोयीसाठी देऊन टाका. यातलं गोरगरिबांचं वाक्य आमच्याकडे कोणाच्या कानात शिरत नाही. लोकांच्या सोयीसाठी म्हणजे काय, याचा अर्थ मात्र सगळ्यांनी एकमताने लावून ठेवला आहे: संडास. घाण पैसा घाणीत गेला, म्हणजे सुटलो. त्यामुळे वर्षाकाठी कोणी ना कोणी दुकानात यायचं, पिशवीत वेगळी बांधून आणलेली पुडी मेलेल्या पालीसारखी दोन बोटांत धरून काउंटरवर सोडायचं आणि म्हणायचं, "ते तसले पैसे हायत." मी ओळखायचो. ते गेले की मी त्या नोटा गल्ल्याच्या वेगळ्या कप्प्यात ठेवायचो. नोटांना काही कळत नसे. त्या इतर नोटांसारख्याच दिसत.

इथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे. बँकेकडून मिळालेलं व्याज आम्ही असं बोटांच्या टोकांनी धरतो, पण बँकेला दिलेलं व्याज आम्हाला दिसत नाही. नवीन पनवेलला फ्लॅट घेतलेल्या आमच्या निम्म्या लोकांनी कर्ज काढलं आहे, आणि त्याला कोणी व्याज म्हणत नाही. त्याला ईएमआय म्हणतात. ईएमआय हा शब्द जुन्या किताबांत कुठे नाही, त्यामुळे त्याची मनाईही कुठे सापडत नाही. माझा स्वतःचा फ्लॅट याच रस्त्याने आलेला आहे, म्हणून मी या विषयावर फार बोलत नाही.

कप्पा भरत गेला तेव्हा जमातीचे अध्यक्ष, ज्यांना आम्ही सगळे सदरसाहेब म्हणतो, दुकानात आले. सदरसाहेब आखातातून निवृत्त होऊन आले आहेत. तिथे त्यांच्या हाताखाली बरीच माणसं होती आणि इथे एकही नाही, म्हणून ते जमातीचे सदर झाले. मच्छी मार्केटच्या मागे जमातीची एक पडीक जागा होती. तिथे बाजारातल्या लोकांसाठी संडास बांधायचा असं त्यांनी ठरवलं, मला सेक्रेटरी केलं आणि सामान माझ्याच दुकानातून घ्यायचं असंही तिथल्या तिथे मंजूर केलं.

मी दुकानातला सगळ्यात महाग माल काढला. पांढऱ्याशुभ्र टाइल्स, वर निळी किनार, गंज न धरणाऱ्या तोट्या. व्याजाच्या पैशात काटकसर कोणासाठी करायची, असं मी बैठकीत म्हणालो आणि ते सगळ्यांना पटलं. व्याज खाणं हराम आहे, पण व्याजाच्या पैशाने भांडं विकत घेणाऱ्याला भांडं विकणं हा व्यापार आहे, आणि व्यापार हलाल आहे. ही सोय ज्या कोणी केली असेल त्याचे मी आजही आभार मानतो.

उद्घाटनाच्या दिवशी मात्र पंचाईत झाली. मशिदीतल्या एकेका पंख्यावर देणाऱ्याचं नाव आहे, घड्याळावर आहे, चपला ठेवायच्या फळीवरही आहे. संडासावर नाव लावायला कोणी तयार होईना. एक तर संडास, त्यात व्याजाचा, त्यात सवाब नाही. फीतही कोणी कापेना. शेवटी सदरसाहेबांनी तोंड दुसरीकडे करून कापली. कोणाचंही नाव नसलेली आमच्या गावातली ती एकमेव इमारत असावी, आणि खरं सांगायचं तर गावात लोकांच्या सगळ्यात जास्त उपयोगी पडलेलीही तीच.

कारण मच्छी मार्केटात उरण आणि करंजाकडून पहाटे टोपल्या घेऊन येणाऱ्या कोळणींचे तोवर फार हाल होत. दुपारपर्यंत त्या पाणीच पीत नसत. संडास झाल्यावर त्यांच्यातली एक थोरली बाई, जिचा आवाज सगळ्या मार्केटला वळण लावतो, मुद्दाम दुकानात येऊन मला म्हणाली, "शेट, तुमच्या लोकांनी बेस काम केलंन. आता आमी पानी पितो." आयुष्यात मला कोणी दिलेली ती सगळ्यात मोठी शाबासकी. मी ती सदरसाहेबांना सांगितली, तर ते म्हणाले की सवाबची नियत नव्हती ना आपली? मग त्याचा आनंद मानायचा नाही. मी चोरून मानला.

आता संडास बांधला की तो धुवायला माणूस लागतं. सुकापूरला एका खोलीत भाड्याने राहणारी एक विधवा बाई होती, पन्नाशीची. नवरा रिक्षा चालवायचा, तो गेला. मुलगी लग्न होऊन भिवंडीला गेली. मोहल्ल्यात सगळे तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणतात, मीही म्हणतो. खाला रोज सहा आसनी रिक्षाने सकाळी यायच्या, फिनेल ओतून सगळं घासायच्या, दुपारी पुन्हा एकदा धुवायच्या, आणि मधल्या वेळात दाराशी स्टुलावर बसायच्या. टाइल्स मी विकल्या होत्या, पण त्या पांढऱ्या राहिल्या त्या खालांमुळे. पगार सदरसाहेबांनी स्वतः ठरवला होता. तो फार नव्हता. आणि पहिला महिना संपला तेव्हा आमच्या लक्षात आलं की तो द्यायचा कुठून हे कोणी ठरवलेलंच नाही.

बैठक भरली. चहा आला, नानखटाई आली. एकाने सुचवलं की व्याजाच्या कप्प्यात अजून पैसे आहेत, त्यातून द्या. सदरसाहेबांनी कानाला हात लावले. भिंत व्याजाची चालते, माणसाचं पोट व्याजाचं कसं चालेल? खाला म्हणजे आपल्या मोहल्ल्याची इज्जतदार बाई, तिच्या ताटात आपण हे वाढायचं? सगळ्यांनी माना डोलावल्या. दुसऱ्याने सुचवलं, जकातीतून, म्हणजे दरसाल काढायच्या धर्मदानातून द्या. त्यावर मौलानांनी अगदी बरोबर सांगितलं की जकात हा गरिबाचा हक्क आहे, तो कामाच्या बदल्यात देता येत नाही. काम करून घेतलं आणि जकात दिली, तर जकात फिटत नाही. तिसऱ्याने मशिदीच्या चंद्याचं नाव काढलं. चंदा लोकांनी मशिदीसाठी दिलेला असतो, ती अमानत, विश्वासाने सोपवलेली ठेव. त्यातला एक रुपया मच्छी मार्केटकडे वळवणं म्हणजे अमानतीत खयानत.

प्रत्येकाचं म्हणणं बरोबर होतं. मी इतक्या बैठकांना बसलो आहे, पण इतक्या शुद्ध मनाने, इतक्या बारकाईने एकाही पैशाला डाग लागू न देणारी बैठक मी पाहिलेली नाही. तीन खिसे होते, तिन्ही पाक होते, आणि तिन्हींतून खालांचा पगार निघत नव्हता. शेवटी ठरलं की हा मसला मोठ्या आलिमांकडे, म्हणजे धर्मपंडितांकडे पाठवून फतवा मागवायचा, आणि तोवर खालांना सबर करायला सांगायचं. हे सांगायचं काम सेक्रेटरीचं.

मी सांगितलं. खाला स्टुलावरून उठून उभ्या राहिल्या, पदर सारखा केला आणि म्हणाल्या की ठीक हाय भाय, तुमी मोठी मानसं, बघून करा. दुसऱ्या महिन्यात मी फतव्याचं पत्र लिहायला घेतलं, पण प्रश्न नीट मांडायचा म्हणजे वेळ लागतो, आणि तेव्हा दिवाळी होती, लोक घरं दुरुस्त करत होते, दुकानात मालाची ने-आण होती. तिसऱ्या महिन्यात पत्र पूर्ण झालं आणि सदरसाहेबांनी त्यातली उर्दू कच्ची आहे म्हणून परत दिलं. चौथ्या महिन्यात मी त्या बाजूने जायचंच टाळू लागलो. दुकानातून मशिदीकडे मच्छी मार्केटवरून जवळ पडतं. मी लांबून जायचो आणि घरी सांगायचो की डॉक्टरांनी चालायला सांगितलंय.

खाला तगल्या कशा, हे मला नंतर कळलं. कोळणींना कोणी काही सांगितलं नव्हतं, त्यांनी आपण होऊन बघितलं होतं. जाताना कोणी दोन बांगडे ठेवून जायची, कोणी मूठभर मांदेली, कोणी सोड्यांची पुडी. त्या थोरलीने तर दर शुक्रवारी तांदळाची पिशवी लावून दिली होती. त्यांच्याकडे ना बैठक झाली, ना चहा, ना नानखटाई. पण बांगड्यांवर घरभाडं फिटत नाही. सुकापूरला उंच बिल्डिंगा उभ्या राहतायत, चाळीतल्या खोलीचा भावही वाढलाय, आणि घरमालकाने खालांना सांगितलं की महिनाअखेर थकलेलं भाडं द्या, नाहीतर सामान बाहेर ठेवा. खोली गेली तर म्हसळ्याला भावाच्या दारात जाऊन राहावं लागणार होतं. ज्या भावाच्या बायकोने खालांचा नवरा गेला तेव्हाही त्यांना दोन दिवसांवर राहू दिलं नव्हतं, त्या घरात. हे मला मार्केटातल्या थोरलीने दुकानात येऊन सांगितलं. यावेळी शाबासकी द्यायला आली नव्हती. मी म्हणालो की प्रक्रिया चालू आहे. तिने माझ्याकडे, माशाचे कल्ले उघडून बघतात तसं बघितलं आणि निघून गेली.

याच सुमारास सदरसाहेबांच्या मनात व्याख्यान आलं.

मुंबईहून एक निवृत्त प्रोफेसर येणार होते. विषय मोठा होता: इस्लामी अर्थव्यवस्था, माणसाचा विकास आणि देशाचा विकास. नवीन पनवेलला एसी हॉल घेतला. बॅनर केला, त्यावर नोटा, गव्हाची लोंबी आणि उगवता सूर्य अशी चित्रं टाकली. चंदा गोळा करायला निघालो तर लोकांनी हात आखडता घेतला नाही. सदरसाहेबांनी स्वतः बिर्याणीचा खर्च उचलला. या पैशाचा खिसा कोणता, हे कोणी विचारलं नाही. विकासाचा खिसा मोकळा असतो.

हॉलवाल्याचा सफाईवाला त्या दिवशी सुट्टीवर होता, म्हणून सदरसाहेबांनी खालांना निरोप धाडला की हॉलची बाथरूमं तेवढी धुवून घ्या, त्याचेही मागच्याबरोबर देऊ. खाला आल्या. काम आटोपल्यावर कोणीतरी त्यांना म्हणालं की आलाच आहात तर व्याख्यान ऐका, दीनचं, धर्माचं आहे. त्या बायकांच्या बाजूला, पडद्याआड, मागच्या खुर्चीवर जाऊन बसल्या. मला हे माहीत नव्हतं. मी सूत्रसंचालनात होतो, खिशाला बिल्ला लावून.

प्रोफेसर बोलले मात्र सुंदर. मी टिंगल करायच्या तयारीने बसलो होतो, पण ऐकत राहिलो. ते म्हणाले की व्याजाला मनाई केली ती पैशाचा विटाळ मानायचा म्हणून नव्हे. अडलेल्याच्या अडचणीवर कोणी कमाई करू नये, एवढंच त्यातलं. नफा घ्यायचा तर नुकसानीतही वाटा उचलायचा. जकात ही दया नव्हे, तो घेणाऱ्याचा हक्क. पैसा श्रीमंतांच्या घरातच गोल फिरत राहिला तर देश सुजतो, वाढत नाही. आणि शेवटी त्यांनी आमच्यातल्या लहान पोरालाही पाठ असलेली शिकवण सांगितली, की मजुराला त्याची मजुरी घाम सुकायच्या आत द्यावी. त्यावर ते बराच वेळ बोलले. देशाचा विकास मोजायचा झाला तर आकडे बघू नका, म्हणाले, मजुराचा घाम बघा. हॉलमध्ये इतकं थंड होतं की कोणाच्या अंगावर तपासायलाही घाम नव्हता. टाळ्या खूप पडल्या. सदरसाहेबांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते खोटं नव्हतं.

मग प्रश्नोत्तरं. बायकांकडून चिठ्ठ्या येतील आणि सेक्रेटरी त्या वाचून दाखवतील असं ठरलं होतं. पहिल्या दोन चिठ्ठ्या सोन्यावरच्या जकातीबद्दल होत्या. तिसरी सुबक अक्षरात होती, कॉलेजातल्या मुलीचं वाटावं असं. मला प्रश्न आवडला. आमच्या मुली किती खोल विचार करतात हे पाहुण्यांना दिसावं म्हणून मी माइक जवळ घेऊन, शब्द सुटे करत वाचला.

"घाम सुकून गेला तर मजुरी माफ होते का?"

हॉलमध्ये कौतुकाची कुजबुज झाली. प्रोफेसर खूश झाले. अगदी योग्य मसला विचारला, म्हणाले. माफ होत नाही. उलट दर दिवशी ओझं वाढतं. काम करून घेऊन मजुरी न देणाऱ्याविरुद्ध कयामतच्या दिवशी वादी खुद्द अल्लाह असेल, हे त्यांनी सांगितलं, आणि ते ऐकून पुढच्या रांगेतला एक कंत्राटदार खुर्चीत जरा सरकला. मग प्रोफेसरांनी सहज विचारलं की ही हुशार मुलगी कोण, तिने उभं राहावं.

पडद्यामागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. आवाज मुलीचा नव्हता.

"लिवलं या पोरीनं. सवाल माझा हाय. पाच म्हैने झाले."

बस, एवढंच. आवाजात राग नव्हता, तक्रारही नव्हती. मसला विचारायला जसा आवाज लावतात तसा होता. त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं होतं. आम्ही मोठी माणसं इतके महिने विचार करतोय म्हणजे कुठेतरी असा नियम असेल, की सुकला म्हणजे संपलं, असं त्यांना वाटलं असावं. माझ्या हातात माइक होता आणि तो कोणाच्या तरी हातात द्यावा असं मला वाटत होतं. सदरसाहेबांना खोकला लागला. मी जाहीर केलं की जेवण तयार आहे.

बिर्याणी चांगली होती असं लोक म्हणाले. मला गेली नाही. सदरसाहेब मला कोपऱ्यात घेऊन म्हणाले की फतवा आता तातडीने मागवू, उर्दू मी स्वतः बघतो. माणूस वाईट नाही. त्यांना खरंच वाटत होतं की अडकलंय ते उर्दूत.

मी प्रोफेसरांना गाडीपर्यंत सोडायला गेलो. वाटेत धीर करून सगळं सांगितलं. व्याजाचा खिसा का चालत नाही, जकातीचा का नाही, चंद्याचा का नाही. त्यांनी मधे एकदाही न थांबवता ऐकलं. दाराला हात लावून उभे राहिले, माझ्या शर्टाच्या खिशाकडे बघितलं, ज्यावर सेक्रेटरीचा बिल्ला होता, आणि म्हणाले, "ये चौथा तो रह गया, सेक्रेटरीसाहब."

गाडी गेली. मी त्या खिशाला हात लावून तिथेच उभा होतो.

घरी आल्यावर बायकोला सांगितलं. तिने सगळं ऐकलं आणि एकच विचारलं, की तुमचं टाइल्सचं बिल केव्हा मिळालं होतं? मला उत्तर पाठ होतं. मिस्त्री शेवटची टाइल दाबत होता, सिमेंट ओलं होतं, आणि सदरसाहेबांनी कप्प्यातल्या नोटांतून माझे पैसे तिथेच उभ्या उभ्या चुकते केले होते. सिमेंट सुकायच्या आत. त्याला ना बैठक लागली ना फतवा. आणि त्या बिलातला माझा नफा खालांच्या वर्षभराच्या पगाराहून जास्त होता. बायको भांडी आवरायला गेली. ती पुढे काही बोलली असती तर बरं झालं असतं. मला स्वतःची इतकी लाज यापूर्वी एकदाच वाटली होती, आणि ते प्रकरण मी इथे सांगणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बँकेतून पैसे काढले. पाच महिन्यांचा पगार, आणि हॉलच्या बाथरूमांचे वेगळे. एक पांढरं पाकीट घेतलं. आता माणसाचा स्वभाव बघा, निदान माझा. पाकिटावर काय लिहायचं याचा विचार करत मी पेन धरून बसलो. 'पगार' लिहिलं तर नुसती देणी फिटली. देणी फेडल्याचा सवाब कसला? तेच 'मदत' लिहिलं तर तेवढ्याच पैशात गरजू विधवेला मदत केल्याचा सवाबही खात्यावर जमा. रात्रभर लाज वाटून घेतलेला माणूस सकाळी दुकानदारच असतो. मी सुरेख अक्षरात 'मदत' लिहिलं आणि खाली बारीक रेघ मारली.

मच्छी मार्केटच्या मागे गेलो, या वेळी जवळच्या रस्त्याने. खाला नुकत्याच फरशी धुवून स्टुलावर बसल्या होत्या. तोंडावर, कपाळावर घाम होता. थोरली कोळीण पलीकडे पाटी उतरवत होती, तिचं सगळं लक्ष इकडे. मी पाकीट पुढे केलं. म्हणालो की खाला, उशीर झाला, माफ करा, हे ठेवा, भाड्याचं बघा.

खालांनी पाकीट घेतलं. उघडलं नाही. वरचं अक्षर निरखलं. त्यांना उर्दू वाचता येते, मराठी नाही.

"वर काय लिवलाय, भाय?"

मी क्षणभर खोटं सांगायचा विचार केला. थोरली बघत होती, आणि तिला मराठी वाचता येतं.

"मदत," मी म्हणालो.

खालांनी पाकीट मला परत दिलं. आपटून नाही, रागाने नाही. बिलात चूक असली की गिऱ्हाईक परत देतं तसं.

"मदत घेतली की शुक्रिया बोलावा लागतो," त्या म्हणाल्या. "आनि तुमी मला पुन्हा दिसलात की मान खाली घालावी लागते. आता पाच म्हैने तुमी घातलीत ना, तशी. मदत नको. पगार लिवा."

घरमालकाची मुदत दोन दिवसांवर आली होती. हे त्यांना माहीत होतं आणि मलाही. तरी त्यांचा हात पुढे आला नाही. हातातलं पाकीट मला एकदम जड वाटायला लागलं.

मी खिशातलं पेन काढलं. टेकायला काही नव्हतं, म्हणून दाराशेजारच्या माझ्याच टाइलवर पाकीट धरलं. टाइल ओली होती, 'मदत' खोडताना शाई पसरली. त्याच्या खाली 'पगार' लिहिलं. अक्षर वाकडं आलं. खालांनी थोरलीकडे बघितलं, थोरलीने पुढे येऊन वाचलं आणि मान हलवली. तेव्हा खालांनी पाकीट घेतलं, पदराच्या टोकात गाठ मारून ठेवलं, बादली उचलली आणि आत कामाला गेल्या.

मी मात्र बराच वेळ तिथेच उभा राहिलो. थोरलीने शेवटी विचारलं, "शेट, काय र्‍हायलं काय?"

नाही, काही नाही, असं म्हणून मी वळलो. अर्ध्या वाटेवर आल्यावर लक्षात आलं की मी शुक्रियाची वाट बघत उभा होतो.